आधी पाणी, मग ॲसिड

अप्पा, मी हल्ली रोज सकाळ-संध्याकाळ हाताला ॲसिड लावते. हे ऐकून तुम्ही उठून बसाल असं लिहिणार होते, मग आठवलं की तुम्ही बसलेलेच आहात. आपल्या लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवूनच माती देतात. तर बसल्या जागी ऐका. आधी पूर्ण ऐकून घ्या आणि मग काय रागवायचं ते रागवा. हे बॅटरीचं ॲसिड नाही. तुमच्या नातीनं लातूरहून आणलंय, बोटाएवढ्या बाटलीतलं. दिसायला पाण्यासारखं, पण बोटावर घेतलं की भेंडीच्या चिकासारखी तार निघते. हे मी का लावते, ते सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करावी लागेल. तुमच्याशी कुठलीही गोष्ट बोलायची तर दुकानापासूनच सुरू व्हायची, त्यामुळं तुम्हाला त्यात नवल वाटायचं काही कारण नाही.

दुकान आहे तिथंच आहे, देगलूरच्या स्टँडमागं, त्याच गाळ्यात. पाटी तेवढी बदलली. आता बॅटऱ्या बंद तोंडाच्या येतात, त्यांना पाणी घालायचं कामच नसतं. संपली की उचलायची आणि दुसरी बसवायची. तुम्ही असता तर ह्याला काय धंदा म्हणायचं का, म्हणून दिवसभर कुरकुरला असता. पण इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटऱ्या अजून पाणी पितात, आणि आपल्याकडचे ट्रॅक्टरवाले जुनी बॅटरी मरेपर्यंत वापरतात, त्यामुळं ॲसिड कालवायचं काम बंद झालेलं नाही. ते काम मीच करते. तुमच्या माघारी इतकी वर्षं मीच करून राहिले. त्यामुळं झालंय असं की माझे हात हुबेहूब तुमचे झालेत. नखांच्या कडेनं काळ्या चिरा, तळव्याला खरखर, आणि बोटांची टोकं घासून घासून गुळगुळीत झालेली, वर वाळलेली. साडीवर हात फिरवला की धागे ओढले जातात. म्हणून दुकानात मी जाड सुती साडी नेसते, आणि तिलाही पदराजवळ तुमच्या सदऱ्याला असायची तशी बारीक बारीक भोकं आहेत.

आता मुद्द्याचं. गाळा अजून तुमच्याच नावावर होता. आईच्या माघारी वारस म्हणून मी आणि भाऊ दोघंच उरलेलो. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडं काय असतं ते. बहिणीनं कचेरीत जाऊन हक्क सोडून द्यायचा, भावानं साडी-चोळी करायची, आणि सगळ्यांनी बहीण लई समजूतदार म्हणायचं. मी मनातून त्याच तयारीत होते. भाऊ नांदेडला नोकरीला आहे, घर तिकडंच बांधलंय. मागच्या दिवाळीला तो आला, जेवण झालं, हात धुता धुता म्हणाला, "अक्का, दुकान तू चालवलंस. मी माझा हक्क सोडतो, तुझ्या नावानं करून टाकू." मी त्याला अजून एक पोळी वाढली, हात धुतलेल्या माणसाला. तुमच्या पोटी असा मुलगा निघाला हे तुम्ही बघायला पाहिजे होतं. पण अप्पा, माणसाचं मन आज जे म्हणतं ते उद्या म्हणंल असं नसतं. शेजारच्या मोबाईलवाल्याला आपला गाळा पाहिजे, तो भावाला नांदेडला फोन करून राहिलाय हे मला माहीत होतं. भावाच्या पोराचं पुढच्या वर्षी कॉलेज आहे. म्हणून मला ते काम लवकर व्हायला हवं होतं. भावावर विश्वास नव्हता असं नाही. पण त्याला घरी बायको आहे, सासरा आहे, चार माणसं सांगणारी आहेत.

संक्रांतीनंतर त्यानं सुट्टी काढली आणि आम्ही रजिस्ट्रीला गेलो. तिथं आता शाईचा अंगठा चालत नाही. काचेच्या डबीवर बोट ठेवायचं, खालून लाल उजेड येतो आणि कॉम्प्युटरवर तुमचा अंगठा उठतो. भावाचा टिचकीसरशी उठला. माझा उठेना. उजवा ठेवला, डावा ठेवला, पदरानं पुसून ठेवला, दाबून ठेवला. कॉम्प्युटरवरची बाई चांगली होती, चिडली नाही. तिनं माझी दहाही बोटं एकेक करून बघितली, स्वतःच्या हातात धरून, आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या बोटावर रेषा दिसतच न्हाईत की. काय काम करता?" मी म्हटलं, बॅटरीचं. मागं रांगेत कुणीतरी हसलं. भावानं वेळ मारून न्यायला म्हटलं की आमच्या घराण्याच्या रेषा ॲसिडानं खाल्ल्यात. मला ते लागलं नाही, पण त्या काचेवर माझं बोट ठेवलेलं असताना कॉम्प्युटर कोराच राहिला ते लागलं. दोन्ही पाय जमिनीवर रोवून मी तिथं उभी आहे आणि मशीन म्हणतंय कुणी नाही.

दुसरी वाट होती. बाई म्हणाली की अर्ज करा, ओळखीची दोन माणसं आणा, साहेब सुट्टीवरून आले की होईल. भाऊ म्हणाला तसंच करू. पण माझं डोकं तुम्हाला माहीत आहे, तुमचंच आहे ते. मी म्हटलं, न्हाई, माझ्या दुकानाला माझाच अंगठा लागंल. तेवढ्यात बाईनं हळूच सांगितलं की हात फार वाळलेत, रोज काहीतरी लावत जा, चामडीला पाणी मिळालं की रेषा वर येतात, पुष्कळांच्या येतात. भावानं स्टँडवर निघताना सांगितलं की आता शिवरात्रीच्या आधी सुट्टी मिळेल, तेव्हा बघू. मग बसच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाला, तो मोबाईलवाला परत फोन करत होता. एवढंच. तो आत चढला, आणि मीही विचारलं नाही. बस गेल्यावर मी दुकानात येऊन बसले आणि पहिल्यांदा माझ्या हातांचा मला राग आला.

तुमची नात लातूरला औषधशास्त्राला आहे. शिकवण्यांच्या गल्लीत चार पोरींच्यात खोली घेऊन राहते, पाण्याच्या टाकीवरून रोज भांडणं करते, आणि शनिवारी उदगीरवरून बस धरून येते. तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. आली ती बाटली घेऊनच. मला इंग्रजी काय येतं अप्पा, पण एक शब्द मी झोपेतही वाचते, आपल्या कॅनवर लाल अक्षरात असतो तो. बाटलीवर आधी कसलंतरी लांबलचक नाव आणि त्याच्या पुढं तोच शब्द. मी बाटली खाली ठेवली आणि तिला म्हटलं, "कॉलेजात हेच शिकवून राहिलेत का तुला, आईच्या अंगाला ॲसिड लावायला?" ती हसत सुटली. मग समजावलं तिनं, की हे नावाचंच ॲसिड आहे, हायलुरॉनिक म्हणतात, आपल्या चामडीत मुळातच असतं, पाणी धरून ठेवायचं काम करतं, वय वाढलं की कमी होतं. पोरी तोंडाला लावतात, तू हाताला लाव. मी मान हलवून हाव म्हटलं. पण ती झोपल्यावर मी माझ्या पद्धतीनं खात्री केली. एका वाटीत दोन थेंब टाकले आणि वर चिमूटभर खायचा सोडा घातला. फसफसलं नाही. मग सुती चिंधीवर दोन थेंब टाकून चिंधी देवळीत ठेवून दिली. सकाळी बघितलं तर चिंधीला भोक नव्हतं, उलट तेवढी जागा मऊ होती. सकाळी मी चिंधी उजेडाला धरून बघताना लेकीनं मला पकडलं, आणि ते तिनं तिच्या मैत्रिणींना सांगितलंय. लातूरला त्या खोलीत मी आता प्रसिद्ध आहे.

एवढं करून लावायला सुरुवात केली, तर हात बरे व्हायचे सोडून आणखी वाळले. खोटं नाही सांगत. लावलं की घटकाभर बरं वाटायचं, मग कातडी ताणल्यासारखी व्हायची, जशी उन्हात वाळत घातलेली. चिरा चुरचुरायला लागल्या. मला वाटलं, शेवटी ॲसिड ते ॲसिडच. भावाचाही फोन आला नव्हता बरेच दिवस, त्यामुळं जीव थाऱ्यावर नव्हता. मी लेकीला फोन केला आणि चांगली झापली. तिनं शांतपणे विचारलं की तू लावतेस कसं ते सांग. मी सांगितलं, हात साबणानं धुते, टॉवेलनं कोरडेठाक करते, पंख्याखाली धरते आणि मग लावते. कोरडे कशाला करतेस, असं तिनं विचारलं. आता कोरडे कशाला म्हणजे? वल्ल्या हातानं चार्जरला हात लावायचा नाही, ही तुमची शिस्त. मला तर वल्ला हात म्हटलं की अजून तुमचा आवाज ऐकू येतो. नळाखालून हात काढला की तो कोरडा झाल्याशिवाय मी कशालाच शिवत नाही, देवाच्या घंटेलासुद्धा.

तिकडून लेक म्हणाली, "अगं आई, ते पाणी धरून ठेवतंय, पण धरायला आधी पाणी नको का? कोरड्यावर लावलं की ते तुझ्याच कातडीतलं पाणी वर ओढतंय. हात वल्ला असतानाच लाव. आधी पाणी, मग ॲसिड."

अप्पा, तिनं ते वाक्य कुठून ऐकलं असेल? तुम्ही गेलात तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती, ॲसिडच्या टबापासून लांब बस म्हणून तुम्ही तिला गल्ल्यावर बसवायचा, तेवढंच तिला आठवतं. मी विचारलं तर म्हणाली, ऐकलं कुठं नाही, जसं आहे तसं सांगितलं. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं हात लई जळून राहिलेत, ती घाबरली. मग मी तिला सांगितलं की हे तुझ्या आजोबाचं वाक्य आहे, ह्या वाक्यावर आपलं घर चाललंय.

तुम्ही ते तीन भाषांत म्हणायचा. मराठी माणूस आला की आधी पाणी, मग ॲसिड. तेलंगणातला ड्रायव्हर आला की मुंदु नीळ्ळु, तर्वाता ॲसिड. मुसलमान गल्लीतला जीपवाला आला की पैले पानी, बाद में ॲसिड. शिकायचं नसलं तरी तुम्ही प्रत्येकाला ऐकवायचा, आणि गिऱ्हाईकं मान हलवायची. मी माहेरी परत आले ते वर्ष आठवतं. नवरा गेलेला, कडेवर वर्षाची पोर. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या, उसासे टाकायच्या, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला माझं ओझं झालं असेल असं मला वाटायचं. मग एक दिवस सकाळी दुकानाला निघताना तुम्ही हायड्रोमीटर माझ्या हातात दिला. काचेची नळी, आत तरंगणारी काडी, वर रबरी फुगा. बॅटरीत बुडवून दाबला की आतलं किती जोरदार आहे ते कळतं. तुम्ही तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. "फुटला तर दुसरा न्हाई," एवढं बोलून तुम्ही पुढं चालायला लागलात, आणि मी पोरीला आईजवळ देऊन मागं निघाले.

दुकानात तुम्ही टबात डिस्टिल वॉटर ओतलं, मग कॅन तिरका करून त्याच्यात ॲसिडची बारीक धार धरली, लाकडी दांडीनं ढवळत. टब तापला. मला हात न लावता वरून वाफ बघायला सांगितली. मी विचारलं की उलटं केलं तर काय होतंय. तुम्ही म्हणालात, "ॲसिडात पाणी टाकलं तर ते तोंडावर उडतंय. पाणी आधी बसलेलं असलं म्हंजे मागून येईल त्याला ते सांभाळून घेतंय." मग दांडी माझ्या हातात दिलीत. त्या दिवसापासून मला तुमच्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटलं नाही.

तर आता माझी रोजची पद्धत ऐका, तुम्हाला चूक काढायला आवडते म्हणून सविस्तर सांगते. दुकान बंद केलं की हात सोड्याच्या पाण्यातून काढायचे, मग साध्या साबणानं धुवायचे. झटकायचे, पुसायचे नाहीत. हे न पुसणंच मला सगळ्यात जड गेलं. हात आपोआप टॉवेलकडं जायचा. तसेच वल्ले असताना तीन-चार थेंब घ्यायचे आणि एकेका बोटाच्या टोकाला चोळायचे. जरा चिकट झालं की वरून जेली. हो, तीच, आपण बॅटरीच्या टोकांना गंज चढू नये म्हणून लावतो ती. लेक म्हणाली की वरून काहीतरी झाकण पाहिजे, नाहीतर पाणी उडून जातं, आणि मी म्हटलं, हे मला सांगू नको, टर्मिनलला जेली लावण्यात माझा जन्म गेलाय. सकाळी परत तेच. आणि काम करताना रबरी हातमोजे घालायचे, असा तिचा हुकूम. मोज्यांनी पाना निसटतो, पण घालते.

मध्ये एक घोळ झाला तो पण सांगते. आपल्या बोअरचं पाणी तुम्हाला माहीत आहे, भांड्यावर पांढरा थर धरतं. लेक म्हणाली असल्या जड पाण्यानं कातडी आणखी वाळते. मग मी डोकं चालवलं. चांगल्यात चांगलं पाणी कुठं आहे, तर आपल्याच दुकानात, निळ्या कॅनमध्ये. मी डिस्टिल वॉटरनं हात भिजवायला लागले. लेक आली आणि न्हाणीत तिला बॅटरीच्या पाण्याचा कॅन दिसला. तिनं कपाळाला हात लावला. काही होत नाही पण असलं करतं का कुणी, म्हणाली. मी म्हटलं, बॅटरी ह्या पाण्यावर पाच वर्षं जगते, मी काय वाईट आहे? त्यानंतर ती कुठलंही औषध आणलं की आधी मला बसवून सगळं वाचून दाखवते.

हातावर उरलेलं वाया कशाला घालवायचं, तोंडाला पुस, असंही तिनंच सांगितलं होतं. तसं मी एका संध्याकाळी कपाळावरून बोट फिरवलं आणि ते भुवईच्या वरच्या डागावर थांबलं. मसुराएवढा आहे, आता दिसतही नाही कुणाला. पण बोटाला लागतो. आणि मला तो दिवस जसाच्या तसा दिसायला लागला. मी तिसरीत आहे. तुम्ही पहाटे कुणाचीतरी जीप अडली म्हणून बॅटरी खोलून आलात आणि घाईनं हात धुऊन पूजेला बसलात. रोजच्यासारखी मी शाळेचा फ्रॉक घालून तुमच्यासमोर बसते, डोळे मिटते, आणि तुम्ही भस्म कालवून तीन बोटांनी माझ्या कपाळावर ओढता. मला ते लई आवडायचं; गार लागायचं, आणि तुमची बोटं जड असायची. त्या दिवशी आधी गार लागलं आणि मग आग झाली. मी किंचाळले. नखाच्या चिरेत थेंबभर राहिलं असणार. आई सोड्याचं पाणी घेऊन धावली. तुम्ही पूजेतलं इष्टलिंग हातात तसंच धरून बसून राहिलात.

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून बसले आणि काही झालंच नाही. डोळे उघडले तर भस्माची ताटली माझ्यासमोर सरकवलेली. "तूच लाव," तुम्ही म्हणालात. त्यानंतर रोज ताटलीच. मला वाटलं मी पूजेत ओरडले म्हणून तुम्ही रागावलात. मग वाटलं की राग जाईल. मग वाटायचं बंद झालं. एकदा मुद्दाम कोऱ्या कपाळानं तुमच्यासमोरून गेले, तुम्ही हाक मारून लावाल म्हणून. तुम्ही हाक मारलीत आणि ताटली पुढं केलीत. लग्नाच्या दिवशी ताटली. विधवा होऊन आले तेव्हाही, आपल्यात विधवेचं भस्म सुटत नाही म्हणून मी वाट बघितली, तेव्हाही ताटली. नातीलाही कधी तुम्ही स्वतः लावलं नाही. अप्पा, मला इतकी वर्षं वाटत होतं की मी तुम्हाला नकोशी झाले. आज स्पष्ट लिहून टाकते, कारण आता तसं वाटत नाही. त्या संध्याकाळी बाटलीचं बूच लावता लावता माझ्या ध्यानात आलं की मी माझ्या लेकीला इतक्या वर्षांत एकदाही भस्म लावलेलं नाही. मी पण ताटलीच सरकवते. दुकानात बसायला लागले त्या वर्षापासून. आणि मी काय तिच्यावर रागावलेली आहे का? माझ्या बोटांची मला भीती वाटते, एवढंच. ते तुमच्या ताटलीशी जोडून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

शिवरात्रीच्या आधी भाऊ आला. मी त्या सकाळी जेली लावली नाही. तुपकट बोट काचेवर घसरतं, असं लेकीनं बजावलं होतं. नुसतं पाणी, मग थेंब, आणि वल्ल्या फडक्यानं टिपून घेतलं. कचेरीच्या पायऱ्यांवर तो थांबला तेव्हा मला वाटलं, आता हा मोबाईलवाल्याचं काढतोय. तो म्हणाला, "अक्का, त्या मोबाईलवाल्याला मी सांगून टाकलं, दुकान अक्काचं हाय, तिला विचार." तेव्हा मला माझीच लाज वाटली, पण त्याला तसं दाखवलं नाही. आत तीच बाई होती. मी काचेवर अंगठा ठेवला आणि कॉम्प्युटरकडं बघितलंच नाही, भिंतीकडं बघत राहिले. बाई म्हणाली, उठला की मावशी. मग मी बघितलं. राखाडी पडद्यावर माझा अंगठा, मधून मधून तुटलेला, एका बाजूला कोरा, पण गोल गोल रेषा असलेला. भाऊ वाकून बघत म्हणाला, अप्पांच्यासारखाच दिसतोय. तुमचा अंगठा त्यानं कुठं बघितला होता कुणास ठाऊक. पण मी हाव म्हटलं.

शिवरात्रीला लेक घरी आली. सकाळी न्हाऊन, केस वल्लेच ठेवून पूजेला बसली आणि सवयीनं ताटलीकडं हात केला. मी ताटली माझ्याकडं ओढली. हात तीनदा धुतले होते, सोड्यानं, साबणानं आणि परत साबणानं, आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघितले होते. "डोळे मीट," मी म्हटलं. तिनं मिटले. भस्मात पाणी कालवलं आणि तीन बोटं तिच्या कपाळावरून ह्या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत ओढली. ती किंचाळली नाही. डोळे मिटूनच म्हणाली की अजून जरा वेळ ठेव, गार लागतंय. मी ठेवली.

आता शेवटचं सांगते. शिवरात्रीपासून लेक आली की तिला भस्म मीच लावते, आणि परवा बाटली संपली. लेकीला फोन करून सांगितलं की दुसरी आण, कचेरीचं काम झालं खरं, पण राशनच्या मशीनवर माझा अंगठा अजून उठत न्हाई. ती म्हणाली शनिवारी आणते. हे पत्र मी तिच्या नजरेला पडू देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचं नाही हे बरंच आहे, तुमच्या पोटात नातीपासून लपवलेलं काही राहिलं नसतं. राशनच्या मशीनवर अंगठा पहिल्याच खेपेला उठला होता, अप्पा.